नकाराची कैफियत

मोलिएरच्या १६६० सालच्या एका प्रहसनात मूर्च्छित नायिकेच्या हातून प्रियकराची तसबीर गळून पडते, ती भलत्याच गृहिणीच्या हाती लागते आणि संशयाचे थैमान सुरू होते. हेच कथानक आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने गोविंद बल्लाळ देवलांपर्यंत पोचले आणि १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन मराठी रंगभूमीवर अवतरले. प्रेमिकांची फजिती तसबिरीपासून सुरू व्हावी, हा शिरस्ता अद्याप मोडलेला नाही. आता मात्र तसबीर हातून गळत नाही. ती बुद्धिपुरस्सर निवडून, उजळून मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मांडली जाते, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर बाहू पसरून उभा असलेला दुर्गप्रेमी प्रत्यक्ष भेटीत पहिल्या मजल्यावरच्या कॅफेसाठी लिफ्टची चौकशी करतो.

यापेक्षा पूर्वीची कांदेपोह्यांची पद्धत अधिक सुसंस्कृत होती, असे म्हणणारा मी नव्हे. मान खाली घालून बसलेल्या मुलीला ‘जरा चालून दाखव’ म्हणून फर्मावणारी ती बैठक म्हणजे रीतीच्या नावाखाली चाललेला उघड अपमान होता. परंतु त्या पद्धतीत एक सोय होती, ती अशी की, नकाराचा ठपका कोणा एका माणसावर येत नसे. ‘पत्रिका जुळत नाही’ एवढा निरोप मध्यस्थाकरवी आला की, छत्तीसांपैकी अठरा गुणही न जुळल्याचा दोष आकाशस्थ ग्रहांच्या माथी जाई आणि दोन्ही पक्षांची अब्रू शाबूत राही. ती पत्रिका पुष्कळदा कोणी उघडलेलीही नसे, आणि हे दोन्ही पक्षांना पुरते ठाऊक असे. तथापि इतके दयाळू असत्य आपल्या समाजाने क्वचितच निर्माण केले असेल.

आता मध्यस्थ गेला, ग्रहही गेले. अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हेसुद्धा कळत नाही. संदेश थांबतात आणि दप्तर बंद होते.

परिचयातील एका तरुणीने सांगितलेली हकीकत येथे दाखल करण्याजोगी आहे. पुण्यात डेक्कनवरच्या एका कॅफेत तिची एका तरुणाशी पहिली भेट ठरली. प्रवास, चित्रपट हे विषय बरे चालले, आणि मग त्याने सहज मूळ गाव विचारले. तिने वेंगुर्ले सांगितले. ‘‘अरे वा, माझं आजोळ तिथलंच,’’ तो म्हणाला. येथवर शुभशकुन होता. पुढे आंब्याच्या कलमांचा विषय निघाला, कलमांवरून दाव्याचा, आणि दाव्यावरून ‘‘म्हणजे तू शालूमावशीचा?’’ असा उद्गार तिच्या तोंडून बाहेर पडला. दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी. बागेच्या वाटणीवरून दोन घरांचे बोलणे बंद, म्हणून नातवंडांनी एकमेकांची तोंडे कधी पाहिलेली नव्हती. कॉफी गार होत राहिली आणि त्या दाव्यातले उभय पक्षांचे बयान दोघांनी एकमेकांस सविस्तर ऐकवले. बिल त्याने दिले. ‘‘भाऊबीज समज,’’ म्हणाला.

ही हकीकत ती इतक्या रंगाने सांगते की ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळते. आणि माझ्या मते, या साऱ्या भेटींचा खरा सोहळा तेथेच, मैत्रिणींच्या घोळक्यात होतो. पूर्वी नकार पचवायला आत्या, काका, मध्यस्थ असे सारे गणगोत हजर असे. आज तो एकटीच्या वा एकट्याच्या पदरी पडतो, म्हणून विनोदाच्या मिषाने तो चौघांत वाटून हलका करावा लागतो. सगळेच काही वाटता येत नाही. सांगितल्या जातात त्या हकीकती पचलेल्या असतात. नवा सदरा घालून तासभर टेबल अडवून बसलेला आणि शेवटी एकट्याचेच बिल चुकते करून उठलेला मुलगा त्या रात्री कोणालाच काही सांगत नाही, आणि त्याची कैफियत विनोदात जमा व्हायला एखादे वर्ष लागते.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांस विनंती इतकीच की, मुलगा वा मुलगी अशा भेटीहून परतली असता दारातच जबाब घेऊ नये. जेवायला वाढावे. ती आपण होऊन सांगू लागली आणि सांगताना हसली, तर मोकळेपणाने हसावे. मात्र तिच्याआधी हसू नये.