गोडी कुणी लावायची?

आमच्या शाळेला गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एक डिजिटल फळा भेट दिला. बोट लावले की त्यावर चित्रे हलतात, प्रश्न येतात, उत्तर बरोबर आले की तारे चमकतात आणि मुलाच्या नावापुढे गुण चढतात. पहिले दोन महिने दहावीच्या वर्गाची हजेरी पाहून मी सुखावलो होतो. मधल्या सुट्टीनंतर गुपचूप घर गाठणारी मुले घंटेआधीच जागेवर बसू लागली. संस्थेच्या सभेत मी हे अभिमानाने सांगितलेही.

एके दिवशी वीज गेली. मी खडू घेऊन इतिहासाच्या तासाला गेलो. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आज पॉइंट नाहीत? मग उद्याच शिकवा की ओ!"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, सरळ व्यवहार होता. गुण मिळणार नसतील तर शिकायचे कशाला? आणि हा व्यवहार तिला शिकवला कुणी? आम्हीच. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. मुलाला शिकावेसे वाटावे म्हणून त्याला आमिष दाखवणे कितपत योग्य?

कुणी म्हणेल, कडू औषध गुळातून देण्यात पाप कसले? औषध पोटात गेल्याशी कारण. परंतु विद्या ही औषधासारखी नव्हे. औषध रोग्याची इच्छा असो वा नसो, आपले काम करते. विद्येचे तसे नाही. शिकणाऱ्याचे मन त्यात उतरले नाही, तर परीक्षा संपताच ती ओसरून जाते.

१९७३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. बालवाडीतील ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले, चित्र काढा, शाबासकीचे प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला ते न सांगता नंतर दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर पहिल्या गटाची चित्रांची आवड इतरांपेक्षा कमी झालेली दिसली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची मात्र तशीच राहिली. म्हणजे बक्षीस हे विष नव्हे. आधीच ठरवलेला सौदा मात्र मूळच्या आवडीला झाकोळून टाकतो.

हे लिहिताना जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास बंदी केली, त्याआधी मीही हातात छडी घेतलेली आहे. मध्यंतरी बाजारात एका कापड दुकानात माझा जुना विद्यार्थी भेटला. आदराने चहा पाजला आणि हसत म्हणाला, "सर, तुम्ही मारून पाठ करून घेतलेल्या विभक्ती अजून तोंडपाठ आहेत. पण खरं सांगू? शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नाही." तो चहा मला गोड लागला नाही. छडी आणि चमचमता तारा यांत दयेचा फरक जरूर आहे, पण दोन्ही बाहेरूनच हाकतात.

यंत्राविषयीच्या मोठ्या आशाही काही नव्या नव्हेत. चित्रपटामुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे एडिसनने १९१३ साली सांगितले होते. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच पोहोचले. त्यांत कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर भागातील गावेही होती. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम लागत. असे प्रयोग व्हायलाच हवेत, त्यांतून देश पुष्कळ शिकला. पण वर्गातल्या मुलाला शिकावेसे का वाटावे, हा प्रश्न प्रत्येक नव्या यंत्रानंतर शिक्षकापुढे तसाच उभा राहिला.

मग काय, फळा उतरवून ठेवायचा? त्याचे उत्तर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी नकळत दिले. हृदयाच्या धड्यासाठी त्यांच्याकडे फिल्म होती, पण निवेदन इंग्रजीत. मराठीतली त्यांना मिळाली नाही. सीमाभागातल्या मराठी शाळेला ही अडचण नवी नाही. बाईंनी आवाज बंद केला आणि मुलांना म्हणाल्या, "तुम्हीच मराठीत सांगा, काय चाललंय ते."

मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो. फिल्म सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिली गेली. झडपेपाशी गाडी अडली. पुस्तकात शब्द आहे, पण ती नेमके काय करते हे कुणाला सांगता येईना. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "आमची अक्का कन्नड शाळेत होती. तिच्या पुस्तकात याला कवाट म्हणतात." मागून एक मुलगी ओरडली, "म्हणजे आमचं कवाडच की!" आणि वर्गाला उलगडा झाला. एकाच बाजूला उघडणारे कवाड! रक्त पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. घंटा झाली तरी कुणी उठेना. त्या तासाला ना तारे होते, ना गुण.

फळा तोच होता. फरक एवढाच, की एरवी तो मुलांना चालवत होता, त्या दिवशी मुलांनी त्याला चालवले. चित्र यंत्राने दाखवले, पण अर्थ लावण्याचे काम मुलांसाठी शिल्लक राहिले. ते काम शिल्लक ठेवणे, हाच माझ्या मते शिक्षकाचा धर्म. गोडी आपण लावू शकत नाही. गोडी लागण्याजोगे काम मात्र मुलांपुढे ठेवू शकतो, आणि मग सौदा न करता वाट पाहायची.

वाट पाहण्याची किंमत असते. फळ्यावरची गुणांची पाटी मी बंद केली, तेव्हा हजेरी थोडी उतरली. एक-दोन पालकांनी नाराजीही बोलून दाखवली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण दहावीचे गुण त्यांच्या मुलांना खरोखरच हवे आहेत. ती पहिल्या बाकावरची मुलगी अजूनही अधूनमधून विचारते, "सर, पॉइंट कधी सुरू करणार?" मी तिला म्हणतो, "आधी एखादा प्रश्न तू विचार बघू." परवा तिने एक विचारला. त्याचे उत्तर मला आले नाही. आम्ही दोघे ते शोधतो आहोत.