माप कुठून घ्यायचं?

दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनला सगळ्यात आधी लागते ती निळी शाई. तीन-साडेतीन महिन्यांचं बाळ भूल देऊन टेबलावर ठेवलेलं असतं, वरच्या ओठातली फट थेट नाकपुडीत शिरलेली असते, आणि सुरीला हात लावण्याआधी मी बाळाच्या चांगल्या बाजूकडे बघत बसते. वरच्या ओठाची कड मधोमध खाली येते आणि दोन्ही अंगांना उंच होते, धनुष्यासारखी. त्या कमानीच्या खोलगट बिंदूवर शाईचा एक ठिपका. चांगल्या बाजूच्या टोकावर दुसरा. दोन्हींमधलं अंतर कॅलिपरनं मोजायचं. तान्ह्या बाळात ते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर भरतं. तेवढंच अंतर फाटक्या बाजूला मोजायचं आणि तिथे तिसरा ठिपका द्यायचा. पुढचा सगळा छेद या तीन ठिपक्यांच्या आधारानं जातो. त्या बाळाचा ओठ कसा असायला हवा, हे त्याचाच धड राहिलेला अर्धा ओठ सांगतो.

सरकारी रुग्णालयात तीस वर्षं मी हे काम केलं. ही पद्धत राल्फ मिलार्ड या अमेरिकन सर्जनची. आम्ही शिकाऊ असताना ते माणसाचं नाव आहे हेच विसरून गेलो होतो. ‘उद्या यादीत दोन मिलार्ड आहेत,’ असं म्हणायचो. 1950 च्या दशकाच्या मध्यावर, युद्ध नुकतंच थांबलेलं असताना, मिलार्ड अमेरिकन मरीन सैनिकांबरोबर कोरियात होते. तिथल्या दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर काम करताना त्यांना ही रीत सापडली, आणि 1955 साली स्टॉकहोमच्या परिषदेत ती जगापुढे आली. कोरियातल्या त्या मुलांचे ओठ शिवले गेले म्हणून जुन्नर-खेडच्या मुलांचे ओठ मला शिवता आले.

पुष्कळ वर्षांनी मिलार्ड यांचं त्याच मुक्कामाविषयीचं दुसरं लिखाण माझ्या वाचनात आलं. त्यात एक कोरियन दुभाषी आहे. इंग्रजी उत्तम. त्याची तक्रार अशी, की आपल्या बारीक डोळ्यांमुळे अमेरिकनांना आपल्या मनातलं कळत नाही, त्यामुळे त्यांचा आपल्यावर विश्वास बसत नाही. तेव्हा डोळे गोल करून द्या. मिलार्ड यांनी ते करून दिलं.

मी ते पान पुन्हा वाचलं. शस्त्रक्रिया झाली दुभाष्याच्या डोळ्यांवर. दिसत नव्हतं ते समोरच्यांना.

ज्या हातांची रीत मी रोज गिरवली, त्याच हातांनी हेही केलं होतं. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. देह नक्की कुणाचा? ज्याचा त्याचा, आईबापांचा, की बघणाऱ्यांचा? आणि तो कुणाचा यावर आम्ही त्याला कुठवर हात लावायचा हे ठरत असेल, तर आम्ही ते कुणाला विचारायचं?

काही वर्षांपूर्वी सोलमधल्या एका ओळखीच्या सर्जनकडे मी आठवडाभर निव्वळ बघायला म्हणून बसले होते. हान नदीच्या दक्षिणेला गंगनममध्ये, आपगुजोंग स्टेशनच्या आसपास, एकेका इमारतीत मजल्यागणिक अशी क्लिनिकं आहेत. डिसेंबर होता. बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेशासाठीची परीक्षा, तिला तिथे सुनुंग म्हणतात, ती नोव्हेंबरात होते, आणि ती संपली की पापणीच्या ऑपरेशनचा हंगाम सुरू होतो. कोरियनमध्ये दुहेरी पापणीला ‘सांगकोपुल’ म्हणतात. पुष्कळ घरांत परीक्षा पार पडल्याची भेट म्हणून आईवडीलच ती करवून देतात.

अशीच एक मुलगी आईबरोबर आली होती. डॉक्टरांनी एक बारीक, टोकाला वाकवलेली तार घेतली आणि मिटलेल्या पापणीवर, कडेपासून सहा-सात मिलिमीटरवर, अलगद दाबली. मग म्हणाले, डोळा उघड. तार बाजूला झाली तरी क्षणभर घडी टिकली. मुलीनं हातातल्या आरशात पाहिलं आणि ती हसली. तिच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या आईचा चेहराही त्याच आरशात होता. आईची पापणी एकेरी, सपाट, आणि माझ्या नजरेला फार देखणी. आई काहीतरी बोलली. नर्सनं मला इंग्रजीत सांगितलं, ‘त्या म्हणतात, माझ्यामुळे हिला हे डोळे मिळाले, म्हणून पैसे मीच भरते.’

त्या वाक्यानं मला जेवढं अस्वस्थ केलं तेवढं त्या आठवड्यात दुसऱ्या कशानं केलं नाही.

कारण हाच तो देश, जिथे शतकानुशतकं मुलं एक वचन पाठ करत मोठी झाली. मातापित्यांच्या भक्तीवरचा एक ग्रंथ कन्फ्यूशियसच्या परंपरेत आहे. कोरियन लोक त्याला ‘ह्योग्योंग’ म्हणतात. अंग, केस, कातडी हे सारं आईवडिलांकडून आलेलं आहे, त्याला इजा होऊ न देणं हीच त्यांच्या भक्तीची सुरुवात, अशी त्यातली शिकवण. 1895 च्या अखेरीस जपानच्या दबावाखालच्या सरकारनं पुरुषांना डोक्यावरचा बुचडा कापायचा हुकूम काढला तेव्हा देश पेटून उठला. छ्वे इक-ह्योन नावाच्या वृद्ध विद्वानानं शीर कापून द्यायची तयारी दाखवली, केस द्यायची नाही.

आज आपल्याला वाटेल, एका बुचड्यासाठी एवढं? पण त्यामागचा विचार नीट पाहायला हवा. त्या विचारात देह ही ठेव आहे. ती आपल्या हाती आलेली आहे, आपण कमावलेली नाही. नख कापणं आणि पापणी कापणं यांत तो ग्रंथ कुठे रेघ ओढेल हा वाद पंडितांनी घालावा. मला दिसतं ते एवढंच, की ज्या घरात चेहरा म्हणजे आईवडिलांचं देणं होतं, त्याच घरात तो आता त्यांच्यावरचं कर्ज झाला आहे. आई मुलीला भेट देते आहे, आणि त्या भेटीत माफी गुंडाळलेली आहे.

या सगळ्याचा दोष गोऱ्या लोकांच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे. माझ्या त्या सर्जन मित्राला ते मान्य नव्हतं. तो म्हणाला, ‘माझ्याकडे युरोपियन डोळा मागायला कुणी येत नाही. मला कोरियन नटीचा डोळा मागतात. जन्मतःच दुहेरी पापणी असलेले आमच्यात थोडे थोडके नाहीत.’ त्याचं म्हणणं खरं आहे. या शस्त्रक्रियेची पहिली छापील नोंदही अमेरिकनांची नाही. मिकामो नावाच्या जपानी डॉक्टरांनी ती 1896 साली केली, मिलार्ड यांच्या जवळपास साठ वर्षं आधी. त्यांच्या रुग्ण स्त्रीची एक पापणी दुहेरी होती आणि एक एकेरी. दुसरी पहिलीसारखी करून हवी होती.

हे वाचलं तेव्हा मला माझी निळी शाई आठवली. त्या बाईनं माप स्वतःच्याच चेहऱ्यावरून आणलं होतं, माझ्या बाळांसारखंच. दुभाष्यानं ते आणलं छावणीतल्या साहेबांच्या नजरेतून. पापणी तीच, घडीही तशीच, आणि दोन्ही कृत्यांत जमीन-अस्मानाचं अंतर.

आमच्या पुण्यातही याचा एक जुना दाखला आहे. 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ कुंभार-वीटकरी समाजातल्या एका कारागिरानं त्याला नाक करून दिलं. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आधी आकार घ्यायचा, तो पत्रा कपाळावर सपाट पसरायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कपाळाची कातडी, भुवयांमधला देठ शाबूत ठेवून, खाली वळवायची. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापली गेली, ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं, आणि युरोपात या विद्येला नवा जन्म मिळाला. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण त्यानं मेण ठेवलं ते कावसजीच्या चेहऱ्यावर, आणि कातडी घेतली कावसजीच्याच कपाळाची. आज आमच्या विद्येनं जगाला फिरून येऊन पुण्यातल्याच एखाद्या मुलीचं नाक भलत्या चेहऱ्याच्या मापानं घडवावं, हे मला सलतं.

इथे कुणी मला अडवेल, आणि अडवावंच. ‘बाई, तुमच्या दुभंगलेल्या ओठाचं तरी काय? तोही लोकांच्या नजरेसाठीच ना?’ हो, बराचसा. बाळाला दूध ओढता येत नाही, मोठेपणी बोबडं बोलणं होतं, ही कारणं आहेतच. पण ओठावरचा व्रण दुसऱ्यांदा उघडून आम्ही तो सरळ करतो तेव्हा दुधाचा संबंध उरत नाही. तेव्हा आम्ही शाळेतल्या चाळीस पोरांच्या नजरेचंच ऑपरेशन करत असतो, आणि ते करायला मला कधी लाज वाटली नाही. म्हणजे गरज असेल तर उपचार आणि दिसण्यासाठी असेल तर पाप, अशी सोपी वाटणी माझ्या हाताशी नाही.

अशा वेळी लोक अष्टावक्राची गोष्ट सांगतात. आठ ठिकाणी वाकडं शरीर घेऊन तो जनकाच्या दरबारात शिरला, पंडित हसले, आणि इथे ज्ञानी नसून कातडीची पारख करणारेच बसले आहेत, असं त्यानं त्यांना सुनावलं. ही गोष्ट मी रुग्णांना सांगायचं फार पूर्वीच सोडलं. आपण ती कुरूप ठरवलेल्या माणसाच्या समाधानासाठी वापरतो, जणू अष्टावक्र होणं ही त्याची जबाबदारी. मूळ गोष्टीत बोल लावला आहे तो दरबाराला. अठरा वर्षांच्या मुलीकडून आम्ही ऋषीचं धैर्य मागतो, आणि दरबार आहे तसाच हसत राहतो. कोरियात नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवायची रीतच होती. 2019 साली कायदा बदलून, कामाशी संबंध नसताना उमेदवाराचं रूप, उंची, वजन विचारायला मनाई झाली. अष्टावक्राचा वारसा मला या कायद्यात दिसतो. त्यानं निदान दरबाराकडे बोट दाखवलं.

म्हणून जी येते तिला मी उपदेश करत नाही. निवृत्तीनंतर एका खासगी ओपीडीत आठवड्यातून दोन दिवस बसते. मुली मोबाइल पुढे करतात. त्यात कुणी नटी असते, हल्ली बऱ्याचदा त्या स्वतःच असतात, फिल्टर लावलेल्या. मी एकच विचारते, ‘हे माप कुठून आणलंस?’ काही जणी सांगतात, अपघातात नाक मोडलं, आधी असं होतं, हा बघा जुना फोटो. त्यांची तारीख मी लगेच देते. काही जणी गप्प होतात. एकदा एकीचे डोळे भरले आणि ती म्हणाली, ‘बघायला आलेल्यांनी सांगितलं, नाक वडिलांवर गेलंय.’ वडील बाहेर बाकावर बसले होते, तेच नाक घेऊन. मी नाही म्हटलं नाही. महिनाभरानं या, म्हटलं. ती आली नाही. तिनं विचार बदलला की डॉक्टर, ते मला कळलं नाही.

सोलच्या त्या आईला मात्र हा प्रश्न विचारून भागलं नसतं, हे मी जाणते. ती म्हणाली असती, माप माझ्यावरून नकोच, मी हे डोळे घेऊन सोसलं आहे. तिथे माझी कसोटी अपुरी पडते. मुलीच्या पापणीवर पडलेल्या घडीचं मला दुःख नाही. ती घडी चांगली झाली, आठवड्यात टाके निघाले. दुःख याचं, की एका आईला आपल्या लेकीला आपले डोळे दिल्याची भरपाई करावीशी वाटली. देह कुणाचा या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला सापडलेलं नाही. पण ज्या नजरेनं आई लेकीची अपराधी ठरते ती नजर अधर्माची आहे, एवढं मी ठामपणे म्हणेन, मग ती छावणीतली असो, कचेरीतली असो की बघायला आलेल्या पाहुण्यांची.

अशा आया मला सोलच्या पुष्कळ आधी भेटल्या होत्या. आपल्याकडे ओठ फाटकं मूल जन्मलं की सासू म्हणते, हिनं ग्रहणात काहीतरी चिरलं. बाई ते खरं मानते आणि पदर तोंडावर ओढून वॉर्डात बसते. काही बाळांचा ओठ दोन्ही बाजूंनी फाटलेला असतो. तिथे मोजायला धड बाजू उरतच नाही. पुस्तकातले आकडे असतात, पण ते सरासरी बाळाचे. अशा वेळी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी खाटेपाशी जाते आणि म्हणते, ‘बाई, पदर जरा बाजूला घ्या. मला तुमचा ओठ बघू द्या.’

ती आधी बिचकते. मग पदर खाली येतो. मी दिव्याखाली तिचा चेहरा बघते, कमान किती खोल आहे ते बघते, आणि केसपेपरच्या मागे तिच्या ओठाचं चित्र काढून घेते.