नावाआधी नमुना

कामरेजभोवती जंगल नाही. तापीचा काठ, ऊस, महामार्गाची वर्दळ आणि सुरतेकडून सरकत आलेल्या इमारती, एवढंच दिसतं. पण नदीच्या वरच्या अंगाला मांडवी, व्यारा आणि पुढे डांग गाठलं की सागाचं रान लागतं. तिथली वारुळावरची अळंबी साऱ्यांना ठाऊक असते. खुद्द सागाच्या मुळांशी राहणारी बुरशी मात्र कधी छत्री उगवत नाही. ती मुळांच्या पेशींत शिरते, झाडाला जमिनीतलं स्फुरद पुरवते, बदल्यात साखर घेते आणि मातीत फक्त सूक्ष्म बीजाणू सोडते. पृथ्वीवरच्या बहुसंख्य वनस्पतींचा तिच्या जातभाईंशी असाच व्यवहार चालतो. तरीही वर्णन करून नाव दिलेल्या या गटातल्या जाती काही शेच आहेत.

अशा बुरशीपुढे डीएनए पद्धतीचं मोल कळतं. मूठभर मातीतून डीएनए वेगळा काढायचा, ठरावीक तुकडा पीसीआरने वाढवायचा, त्याचा क्रम वाचायचा आणि संग्रहातल्या क्रमांशी ताडून पाहायचा. १९९० मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 'आयटीएस' या तुकड्यासाठी प्रायमर दिले. २०१२ मध्ये तोच बुरश्यांचा बारकोड म्हणून पुढे आला. पावसाची वाट पाहावी लागत नाही, उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीतही ओळख सापडते. हा लाभ मोठा आहे. जगात बुरश्यांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा २०१७ चा अंदाज आहे आणि नाव मिळालेल्या जाती जेमतेम दीड लाख.

तरी यंत्र नाव सांगत नाही, ते साम्य सांगतं. संग्रहातल्या क्रमाला कुणीतरी चुकीचं नाव चिकटवलेलं असेल, तर ती चूक मांडवीच्या मातीलाही लागू होते. सार्वजनिक संग्रहातल्या बुरश्यांच्या क्रमांपैकी पाचव्या हिश्शापर्यंत नावं चुकीची असू शकतात, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मुळांतल्या बुरशीचं प्रकरण याहून बिकट आहे. तिच्या एकाच बीजाणूत शेकडो केंद्रकं असतात आणि त्यात आयटीएसची एकमेकांपासून वेगळी रूपं सापडतात. एक बीजाणू वाचला तर दोन जाती असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून या गटासाठी अभ्यासक बहुधा दुसरं जनुक वापरतात.

नमुना हाती नसताना नुसत्या क्रमावरून नवी जात जाहीर करता यावी, असा प्रस्ताव २०१८ मध्ये पोर्तो रिकोतल्या जागतिक बुरशीशास्त्र परिषदेत आला आणि फेटाळला गेला. मला तो निर्णय योग्य वाटतो. विरोधकांचा मुद्दा मात्र हलका नाही. जी बुरशी कधी हातातच येत नाही, तिला नाव नाकारलं तर तिच्या संरक्षणाची गोष्ट कोण काढणार? पण बोलण्यापुरती खूण देण्याची सोय आहे. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाशी जोडलेला 'युनाइट' हा संग्रह अनामिक गटांनाही कायमचे क्रमांक देतो. नाव ही त्याहून जड जबाबदारी आहे. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर पुन्हा तपासायला काहीतरी उरलेलं हवं.

ते उरवण्याचं काम आपल्याकडे पुण्यात चालतं. आघारकर संशोधन संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचा वाळवलेल्या बुरश्यांचा संग्रह आहे आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने स्थापलेल्या या संस्थेचं मोल, क्रम वाचणं जसजसं स्वस्त होतंय तसतसं वाढतंय, कारण वाचलेल्या प्रत्येक क्रमाला शेवटी अशाच एखाद्या कपाटाचा आधार लागतो.

मुळांतली बुरशी बशीतल्या खाद्यावर एकटी वाढत नाही. तिला जिवंत मूळ लागतं. तिचा संग्रह बहुतेक ठिकाणी कुंड्यांत, रोपांच्या मुळांशी राखावा लागतो आणि त्या कुंड्यांना वर्षानुवर्षं पाणी घालणारा माणूस लागतो. मांडवी-डांगच्या मातीवर प्रकल्प आखणाऱ्यांनी क्रम वाचून घेण्याच्या खर्चासोबतच पहिल्या पानावर या माणसाचा पगार लिहावा, आणि प्रत्येक मातीची एक पुडी गोठवून ठेवण्याचा खर्चही.