वाचायचा हक्क, वाचायचे कष्ट

शिंदखेड्यापासून धुळ्यापर्यंतच्या प्रार्थनासभांत अलीकडे एक वाक्य वारंवार कानावर येतं: ‘मी बायबल स्वतः वाचतो, पाळकाने शिकवायची गरज नाही.’ यातला पहिला भाग मला मनापासून मान्य आहे. पण मोबाइलवर आलेलं एखादं वचन, मागचा-पुढचा अध्याय न उघडता, सुनेला गप्प करायला किंवा आजाऱ्याची औषधं बंद करायला वापरलं जातं, आणि हरकत घेतली की हेच वाक्य ढालीसारखं पुढे येतं. तेव्हा संताप येतो.

बायबल लोकांच्या भाषेत आणणाऱ्या ल्यूथरची कथा सर्वांना ठाऊक आहे. मिशनरी विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार छापला, हेही. मला थांबायचंय ते पंडिता रमाबाईंपाशी.

१८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद जुंपला. त्रैक्याची शिकवण, अथनेशियाचा मतांगीकार, काहीच त्यांनी निमूटपणे घेतलं नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यालाही हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ही बंडखोर रमाबाई आपल्याला आवडते. पुढे पुण्याजवळच्या केडगावात, स्वतःच्या मुक्ती मिशनमध्ये, बायबलचा शब्द प्रमाण मानणारी रमाबाई मात्र शरण गेलेली वाटते.

इथेच आपण चुकतो. ‘मला वाटतं तेच खरं’ हा वाँटेजमधला त्यांचा दावा नव्हताच. जी अट पुस्तकात सापडत नाही ती माझ्यावर लादू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते मनाशी धरून त्या केडगावला हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. स्वतःचाच अर्थ चालवायचा असता तर हा खटाटोप कशाला? मूळ पुस्तक हातात आल्यावर कुणीही बाई खुद्द रमाबाईंनाही खोडून काढू शकत होती.

हे बायबलपुरतंच नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेचा अर्थ लावला, तोही कुठल्या पीठाची परवानगी काढून नव्हे. पण आधी ‘गीताई’ या गीतेच्या मराठी अनुवादाचे कष्ट झाले होते, समोर कैदी ऐकत होते आणि साने गुरुजी शब्द टिपून घेत होते.

म्हणून पाळकांच्या हाती पूर्वीची सत्ता परत द्या, असं कुणी म्हणेल तर माझा त्याला ठाम विरोध आहे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील याही त्याच अँग्लिकन चर्चच्या. त्यांनी रमाबाईंचे आक्षेप मनावर घेतले आणि पत्रामागून पत्र लिहून त्यांच्याशी चर्चा केली. आमच्या पाळकांकडून मला तेवढंच हवंय.