लाल पेन कुणाच्या हातात?

पनवेलहून सीएसएमटीला जायला लोकलला तासाभराहून जास्त लागतो. तेवढ्या वेळात फोनवर दोन प्रवचनं सहज ऐकून होतात. बोलणारा कुठल्याही धर्माचा असो, एक वाक्य बहुतेक वेळा कानावर पडतंच : मी कुठे शिकलो नाही, मला आतून कळलं. मग कॉमेंटमध्ये दोन तट पडतात. काही जण विचारतात, याचं शिक्षण किती? बाकीचे म्हणतात, पुस्तकी पंडितांपेक्षा हा बरा. प्रश्न जुना आहे. धर्मावर बोलायचा अधिकार येतो कुठून?

मराठी ख्रिस्ती समाजात या प्रश्नाची फार चांगली उदाहरणं सापडतात. लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झाली. तरीही ‘स्मृतिचित्रे’ मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं. नारायण वामन टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांपाशीच थांबलं होतं. ते 1919 साली गेले आणि उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला.

खुद्द टिळकांचंही शालेय शिक्षण अर्धवट राहिलं. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी लिहिलेली भजनं आणि अभंग मराठी चर्चमध्ये आजही गायले जातात.

तिसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं (1858–1922). संस्कृत त्या आईकडून शिकल्या. आई, वडील आणि मुलं तीर्थं करत, पुराण सांगत पायी फिरत असत. 1878 साली कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, तेव्हा त्यांच्याकडे शाळेचा एकही दाखला नव्हता.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे शिक्षणाची गरजच नाही! पण या तिघांकडे नीट पाहिलं तर उलटंच दिसतं. रमाबाईंना आतून कळलेलं पुरेसं वाटलं असतं, तर बायबलच्या भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या नसत्या. बाजारात मराठी बायबल होतं. ते साध्या बायकांना समजेल असं नाही, म्हणून त्यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या एका कामाला दिली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं तिथल्याच बायका-मुलींनी केली. टिळक नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले होते, आणि वारकरी संतांची वाणी त्यांच्या कानात मुरलेली होती. शाळा सुटली, तरी यांचं शिकणं सुटलं नव्हतं.

स्वयंशिक्षित माणूस एकटा शिकतो, हीसुद्धा एक गोड समजूत आहे. विल्यम कॅरी मूळचा इंग्लंडमधला चांभार. त्यानं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं, पण वैजनाथ पंडितांशिवाय त्याला मराठी आलं नसतं. कॅरीचं नाव शाळकरी मुलांनाही सापडतं, वैजनाथांचं शोधावं लागतं.

इथे एक अडचणीची गोष्टही बोलायला हवी. टिळक आणि रमाबाई ब्राह्मण घरांतले होते. शाळा नसली तरी पोथी घरात होती. अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक मात्र महार-मांग समाजांतले होते. त्यांच्यात गावोगाव पायी फिरून शुभवर्तमान सांगणारे पुरुष होते, घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यामुळे चर्च उभी राहिली, पण त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. टिकलेला प्रभाव आणि टिकलेलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या हातात लेखणी, त्याचं नाव टिकतं.

मग शिक्षणसंस्था नेमकं काय देते? माझ्या मते तिची सगळ्यात मोलाची देणगी म्हणजे लाल पेन. तुमचं चुकलं, असं सांगणारा कुणीतरी तिथे असतो. जो शाळेबाहेर शिकतो, त्याला हे पेन स्वतः शोधून दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून सिद्धान्तांवर कडाक्याचे वाद घातले. मान तुकवली नाही, आणि वादही टाळला नाही. लक्ष्मीबाईंनी लाल पेन स्वतःवरच चालवलं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत, त्यांनी काही वर्षं घेतली. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा त्यांच्यासाठी रोजचा, जिवावरचा प्रश्न होता. जात देवानं केली की माणसानं, हे मनाशी भांडून ठरवल्यावरच त्यांनी सोवळं सोडलं. पुढे तो सगळा हट्ट आणि ती सगळी फजिती त्यांनी हसत हसत छापून टाकली.

आजच्या प्रवचनकाराला हीच कसोटी लावता येते. त्याची पदवी विचारू नका, आणि पदवी नाही म्हणून भाळूनही जाऊ नका. त्याला प्रश्न विचारता येतो का, ते बघा. चूक दाखवणाऱ्याला तो ब्लॉक करतो की उत्तर देतो? हिशेब मागितला तर दाखवतो का? टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आजाऱ्याला गोळ्या बंद करायला सांगून वर देणगीचा क्यूआर कोड दाखवणारा माणूसही मला आतून कळलं असंच म्हणतो. दोघांचे शब्द सारखे असू शकतात. म्हणून शब्दांवरून निवाडा करता येत नाही. ऐकणाऱ्याला चुकीची किंमत जिवानं मोजावी लागते, तेव्हा लाल पेन आपल्याही खिशात असायला हवं.