सभासद आणि रहिवासी

एकट्या गृहनिर्माण संस्थेचा अर्ज महानगरपालिकेच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, हे ज्याने एकदा तरी संस्थेचे चिटणीसपद सांभाळले आहे त्याला सांगावयास नको. त्याच अर्जाखाली वीस संस्थांचे शिक्के उमटले की साहेब खुर्ची पुढे करतात. गटार, रस्त्यावरचे दिवे, पाण्याचा दाब, कचऱ्याची गाडी हे प्रश्न कधीच एका इमारतीचे नसतात. तेव्हा शेजारच्या संस्थांनी एकत्र येऊन एका आवाजात बोलावे हे योग्यच. मुंबई महापालिकेने १९९७ च्या सुमारास रहिवाशांच्या अशा गटांना, ज्यांना आपण 'एएलएम' म्हणतो, मान्यता देण्यास आरंभ केला. त्यांपैकी अनेकांनी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय आधी स्वतःला आणि मग शेजाऱ्यांना लावली.

परंतु संस्थांचा हा संघ बोलतो तो नेमका कोणाच्या वतीने?

१९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदाला एकच मत दिले, मग त्याचा फ्लॅट लहान असो वा मोठा. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात मात्र मताचे वजन सामाईक मालमत्तेतील हिश्श्यावर ठरते. पहिली रीत मला अधिक न्याय्य वाटते. तथापि दोन्हीकडे मत आहे ते मालकाचे. फ्लॅटला कुलूप लावून आखातात गेलेला गृहस्थ सभासद असतो. त्याच मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा, ज्याची मुले इथल्याच शाळेत जातात, तो भाडेकरू मताधिकारापासून दूरच राहतो. जिन्याखाली झोपणाऱ्या पहारेकऱ्याविषयी तर बोलायलाच नको. अर्जावर आपण 'रहिवाशांची मागणी' असे लिहितो आणि मोजतो मात्र सभासद!

फाटकाबाहेरच्यांचे काय होते, हे आपल्या वसईने सोसलेले आहे. विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या वसाहतींना नळाचे पाणी पुरेना, तेव्हा टँकर सुरू झाले आणि ते भरले जाऊ लागले गावांतल्या विहिरींतून. अमर्याद उपशाने गोड्या विहिरी खारट होऊ लागल्या. १९९० च्या दशकात हरित वसई संरक्षण समितीने या टँकरांविरुद्ध उभे राहून लढा दिला. म्हणून इमारतीत राहणारे अपराधी होते काय? मुळीच नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाळाची तहान गावातल्या बाळाइतकीच खरी. उणे होते ते मागणीत. 'आमची टाकी भरा' एवढ्यावरच ती थांबली. कोठून भरणार, हे तिने विचारले नाही.

पुढे सूर्या प्रकल्पाचे पाणी आले, सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. पण सूर्या धरण मुळात बांधले गेले ते सिंचनासाठी. आपले पाणी शहरांकडे वळवले जाते अशी तक्रार डहाणू-पालघरकडील शेतकरी आणि आदिवासी करीत आले आहेत. म्हणजे काल गावाने इमारतीला जो प्रश्न विचारला, तोच आज गाव आणि इमारत दोघांनाही विचारला जातो आहे. त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही. मात्र पाणी मागावयास जाण्यापूर्वी आपल्या गच्चीवरचे पावसाचे पाणी कोठे वाहून जाते, एवढे तरी संघाने पाहावे.

कोणी म्हणेल, वर्गणी सभासद देतात. संघाने सगळ्या जगाचे ओझे का वाहावे? आक्षेप पोकळ नाही. पदाधिकारी सभासदांचे विश्वस्त असतात, आणि परक्याच्या पैशाने उदार होणे सोपे. तरीही बाजू मांडणे वेगळे आणि दुसऱ्याची बाजू नाहीच असे समजून चालणे वेगळे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने हा भेद ओळखला आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि त्याच टेबलाशी रहिवासी संघटनांचेही प्रतिनिधी. पदपथ मोकळा हवा असे जो म्हणतो, त्याने भाजीवालीच्या समोर बसून ते म्हणावे.

संस्थेच्या वार्षिक सभेत भाडेकरूला मत देता येणार नाही. सभा संपल्यावर चहाच्या वेळी त्याला बोलावून, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, एवढे विचारता येईल.