दिवाळीनंतरचा पट

नवरात्र सरलं की जिल्ह्याच्या पानावर जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या यायला लागतात. कुठे गावकऱ्यांनी वर्गणी काढून वर्गखोलीवर नवे पत्रे घातलेले असतात, कुठे माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही संच दिलेला असतो, कुठे हात धुवायला ओळीने नळ बसलेले असतात. पाऊस थांबलेला असतो, भिंती सुकलेल्या असतात, रंग धरतो. शाळेची बरीचशी कामं म्हणूनच आश्विनात उरकतात. मी या बातम्या आवडीने वाचतो. मी स्वतः जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकलो. पावसाळ्यात दोन वर्ग एका खोलीत बसवत आणि कोरडा कोपरा मिळावा म्हणून आम्ही पोरं घंटेच्या आधी पळत सुटायचो. त्यामुळे पत्रे बदलल्याची चार ओळींची बातमीसुद्धा मला लहान वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात गेलो होतो. शाळा चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. एका बाजूला पाढे, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचा नकाशा, ओट्यावर पाण्याचा नवा फिल्टर. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान सुरू झाल्यापासून अशा बोलक्या भिंती गावोगावी दिसू लागल्या आहेत, आणि त्या खरोखर छान असतात. गुरुजींनी सगळं हौसेने दाखवलं. यातलं निम्मं काम गावाने हातभार लावून केलंय, हे सांगताना त्यांना कोण अभिमान.

मी हजेरीपट पाहायला मागितला. पटावर 34 मुलं. नावांच्या कडेला जागोजाग पेन्सिलीची बारीक टिंबं दिसली. हे काय म्हणून विचारलं, तर गुरुजी जरा थांबले. मग म्हणाले, “ही जाणारी.”

मी टिंबं मोजली. 19 भरली.

बीड जिल्ह्यात ‘जाणारी’ म्हटल्यावर कुठे, हे कुणी विचारत नाही. ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती कधीच खर्चलेली असते. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या आटलेल्या बोअरवर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर असते. म्हणजे बाई मुलांसाठी घरी राहते म्हणाली, तर निम्मा कोयता राहत नाही, व्यवहारच मोडतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर येतात. भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, कोंबड्या, शेळी आणि मुलं असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत गाव अर्धं रिकामं. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहणारं आठ-नऊ वर्षांचं मूल धाकट्याला सांभाळतं, पाणी भरतं, वाढे गोळा करतं. जरा मोठी मुलगी असेल तर भाकरी तिच्याकडे. आईबाप पहाटे फडात गेलेले असतात.

म्हणजे शाळा सुंदर होते आश्विनात आणि रिकामी होते कार्तिकात. ती रंगवलेली भिंत 15 मुलं पाहणार.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते पेन्सिलीने. टिंबं पेनाने का केली नाहीत, हे गुरुजींनीच न विचारता सांगितलं. ही नावं पटावरून कमी होत नाहीत. करायची म्हटली, तर पट 20 च्या आत जातो. आणि 20 च्या आत गेलेल्या शाळेच्या डोक्यावर काय टांगलेलं असतं, हे खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. 2023 मध्ये शिक्षण विभागाने 20 किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा मोजल्या आणि त्या एकत्र करून समूह शाळा करण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. संचमान्यता पटावर होते, शिक्षकाचं पद पटावर टिकतं. “नाव कमी केलं तर शिक्षक जाईल. मग राहिलेल्या 15 जणांचं कोण बघणार? आणि मार्चमध्ये हे 19 परत आले की त्यांना शाळा कुठली?” गुरुजींच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नाव इथे, मूल तिथे. ज्या गावच्या शिवारात टोळी उतरते तिथल्या शाळेच्या पटावर ते नसतं, म्हणून तिथे त्याच्यासाठी पुस्तक नसतं, गणवेश नसतो, शिक्षकाच्या कामाच्या मोजमापातही ते नसतं. इथल्या पटावर ते असतं, म्हणून शाळाबाह्य मुलांच्या यादीत ते येत नाही. कागदावर ते शिकत असतं आणि फडात ते मोळ्या मोजत असतं. यात कुणी खोटं बोललेलं नाही. गुरुजींनी तर जे आहे ते राखण्यासाठीच नाव राखलंय. पण सगळ्यांच्या प्रामाणिकपणाची बेरीज करून एक मूल हरवतं, आणि ते हरवल्याची नोंद कुठेच होत नाही.

याला उपाय नाही असं नाही. तो राज्याने स्वतःच शोधलेला आहे. आईबाप तोडीला गेले, तरी मुलांना आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे ठेवायचं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत द्यायचं, अभ्यास करून घ्यायचा. याला हंगामी वसतिगृह म्हणतात. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. जिथे ते नीट चालतं तिथे मुलं गावात राहतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळी सातला व्हरांड्यात पंगत बसते, शेवटचा घास खाऊन पोरं दप्तर घेऊन आजीच्या घरी झोपायला जातात. म्हाताऱ्या माणसाला दोन नातवंडं झोपवणं जमतं. सहा महिने त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी मात्र झेपत नाही. योजनेने नेमकं ओझं उचललेलं आहे.

अडतं ते तारखेवर. कोण कोण जाणार याचा सर्व्हे, समितीचा ठराव, तालुक्याकडे प्रस्ताव, तालुक्याकडून जिल्ह्याकडे, मग मंजुरी. या गावात गेल्या वर्षी मंजुरी हातात पडली तेव्हा ट्रॅक्टर जाऊन तीन आठवडे झाले होते. गुरुजींनी किराणा दुकानदाराकडे स्वतःच्या नावावर उधारीही बोलून ठेवली होती. पण “बघू, येईल” या शब्दावर कुठली आई पोर मागे ठेवेल?

आणि इथेच माझं एक गाऱ्हाणं आहे, ते मी अगदी मनापासून मांडतो आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. ती बैठक हंगामाच्या आधी होते, तारीख जाहीर होते, वर्तमानपत्रं पहिल्या पानावर छापतात. कधी ती ऑक्टोबरच्या मध्याची असते, कधी नोव्हेंबरच्या मध्याची, पण असते. त्या तारखेवर कारखान्याचा बॉयलर पेटतो, त्या तारखेवर मुकादम टोळी बांधतो. ही माणसं कधी घर सोडणार हे सरकारला आधीच ठाऊक असतं, कारण तारीख सरकारनेच दिलेली असते. मग ज्या बैठकीत गाळपाची तारीख ठरते, त्याच बैठकीत, त्याच कागदावर वसतिगृहं कधी सुरू होणार ही तारीख का ठरू नये? गाळपाच्या आधी पंधरा दिवस चूल पेटलेली आणि पहिली पंगत उठलेली दिसली, तरच आई पोराला आजीजवळ ठेवून जाते. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून रुपया-पैशापर्यंत वजा होतो. त्या हिशेबात डिझेल धरलेलं असतं, मुकादमाचं कमिशन धरलेलं असतं. पोरांच्या शाळेला त्यात ओळ नाही. प्रवरेच्या काठी पहिला सहकारी कारखाना उभा राहिला त्याला पाऊणशे वर्षं झाली. एवढ्या काळात ही एक ओळ आपण लिहू शकलो नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. दाखला उशिरा आला, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, हेही लिहिलेलं आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आणि सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या गावच्या समितीतल्या आया नोव्हेंबरपासून कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतात. ठरावावर सह्या कुणाच्या घ्यायच्या, हाही गुरुजींपुढचा प्रश्नच.

कोल्हापूर म्हटल्यावर शाहू महाराज आठवतातच. 1917 मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही, तर पालकाला महिना 1 रुपया दंड. ज्या मातीत तो कायदा झाला, त्याच मातीतल्या उसाच्या सरीत आज बीडची पोरं दिवस काढतात. दंड करायचा म्हटला, तर कुणाला करायचा? उचल घेतलेल्या बापाला? शाहू महाराजांच्याही आधी, 19 ऑक्टोबर 1882 रोजी, असंच आश्विन-कार्तिकाचं ऊन असताना महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी आपण शाळेत शिकतो. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगितली आहे, ती मात्र आपण विसरतो. शेतकऱ्यांची मुलं शाळेत कमी दिसतात ती गरिबीमुळे, गुरं राखायला आणि शेतात हाताखाली ती लागतात म्हणून. तेव्हा नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, त्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं ठेवा. सक्तीच्या जोडीने त्यांनी पोटाचा विचार केला होता.

“या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही” हे वाक्य मी शिकल्यासवरल्या घरांत फार ऐकलंय. ते खरं नाही. मागच्या वर्षी एका बाईशी बोलणं झालं होतं. थोरली पोर अकरा वर्षांची, वर्गात हुशार. सासू वारलेली. पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू, असं तिने मला विचारलं. “रातच्याला दाराला कडी लावून एकटी झोपंल का ती?” अशा भीतीपोटी किती पोरींची लग्नं वयाआधी उरकली जातात हे त्या भागात काम करणारा कुणीही सांगेल. ती बाई शाळेचं महत्त्व माझ्याहून जास्त जाणत होती. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्हींत पोरीचं नुकसान होतं. तिसरी वाट तयार करणं तिच्या हातात नव्हतं. ते आपल्या हातात होतं.

मी शाळेतून निघणार तेवढ्यात एक बाई दारात आली. डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“गुरुजी, पोरीची ताटली न्यायची व्हती.”

खिचडीसाठी मुलांनी घरून आणलेल्या स्टीलच्या ताटल्या वर्गाच्या कोपऱ्यात फळीवर रचलेल्या असतात. प्रत्येकीवर खिळ्याने नाव कोरलेलं. गुरुजींनी रचलेल्या ताटल्यांतून एक बरोबर काढली. तिसरीतली मुलगी, ‘ळ’ उलटा कोरलेला होता.

“सुट्टीनंतर येते म्हणाली होती ना ती, शाळेत?”

“रातच्याला गाडी हाय. तिथं बी जेवायला ताटली लागंलच की.”

गुरुजी काही बोलले नाहीत. कपाटातून दुसऱ्या सत्राचं पुस्तक काढलं, त्यात शिक्षण हमी कार्ड घातलं. हे कार्ड घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं, अशी सोय आहे. पुस्तक ताटलीत ठेवून त्यांनी दोन्ही बाईच्या हातात दिलं.

“ताई, हे जपून ठेवा. तिकडं गेलात की हे दाखवायचं.”

बाईने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“कुणाला दाखवायचं, गुरुजी? मुकादमाला?”

गुरुजींनी कार्ड परत घेतलं, टेबलावर ठेवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक आकड्यांत स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला. या वेळी पेनाने.